चार फूट अकरा आणि एक उंच गाडी

साधना मुनेश्वरची मोटारसायकल राजूरहून टेम्पोत उभ्याउभ्या आर्णीला आली, तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं ती उतरवायला धावली आणि उरलेली निम्मी ती कशी उतरवायची हे सांगायला. दुसऱ्या गटाचा आवाज मोठा होता. त्यामुळे गाडी आधी उलटी, मग आडवी, आणि शेवटी कोणाचंच न ऐकता आपल्या मनानं सुलटी खाली आली.

गाडी दीडशे सीसीची. ताकदीनं इतर गाड्यांसारखीच, पण उभी राहिली की उंट. पुढचं चाक मोठं, टायरांवर नांगरटीसारखी खोल नक्षी, पुढचं मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर वर, चोच काढल्यासारखं. डांबरी रस्ता असो, शेताचा धुरा असो की नाला, कुठंही चालावी म्हणून ती कोणीतरी बनवली होती आणि कुठंच खपेना म्हणून बंदही केली होती. राजूरच्या खाणीतल्या एका सुपरवायझरची बदली झाली आणि त्यानं ती विकायला काढली. साधनानं एका रविवारी जाऊन ती पाहिली आणि पसंत केली. कारण तिची स्कूटर आदल्याच आठवड्यात खोदून ठेवलेल्या रस्त्याच्या गिट्टीवर पोट आपटून कायमची बसली होती. साधना कृषी सहायक. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्यातली कपाशी आतून पोकळ केली होती. सात गावं आणि तीन तांडे तिच्याकडे, आणि स्कूटरनं जाता येईल अशी त्यातली चारच.

गाडी घेताना तिनं ॲव्हरेज विचारलं, टायर दाबून पाहिले, कागदपत्रं तपासली. सीटची उंची विचारली नाही. ती कोणीच विचारत नाही. साधनाची स्वतःची उंची चार फूट अकरा इंच. घरी आल्यावर ती पहिल्यांदा गाडीवर नीट बसली तेव्हा तिचे दोन्ही पाय पाळण्यातल्या लेकरासारखे अधांतरी लोंबकळत होते. मागून नवऱ्यानं, प्रफुल्लनं, कॅरिअर घट्ट धरून ठेवलं होतं. प्रफुल्ल हायस्कुलात गणित शिकवायचा आणि संकटात आधी आवाज खाली घ्यायचा.

"साधना," तो हळूच म्हणाला, "परत देता येईल का?"

"कायले परत?" साधना वरून म्हणाली. "आता धरली ना. तुमी फक्त सोडू नका."

शेजारचे बापूजी आपल्या ओट्यावरून हे सगळं पाहत होते. बापूजी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बत्तीस वर्षांत एकही अपघात नाही, असं ते सांगायचे. बोरी अरबच्या अलीकडे एका बैलाला धक्का लागला होता खरा, पण त्यात चूक बैलाची होती आणि तसं त्यांनी डेपोत लेखी दिलं होतं.

"राग नको मानू, पोरी," बापूजी म्हणाले, "पण नाकापेक्षा मोती जड झाला. ही गाडी तुया पायाची नाई."

"मंग काय पाय वाढवू, बापूजी?"

"पाय तं वाढत नाई आता. गाडीच कापून घे."

बापूजींनी हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. पण साधनाला कोणी टोमणा मारला की ती त्यातला उपयोगाचा भाग काढून घ्यायची आणि बाकीचा परत करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन, म्हणजे प्रफुल्लला ढकलायला लावून, विक्कीच्या गॅरेजवर हजर झाली.

विक्कीच्या गॅरेजात दोनच औषधं होती, कटर आणि वेल्डिंग. कसलाही रोगी आला तरी आधी एक द्यायचं आणि मग दुसरं. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, साधनाभोवती एक मारली आणि म्हणाला, "होते म्याडम. सीट पातळ करू."

सीट पातळ झाली. आतला फोम दोन इंच कापला गेला आणि गाडी बसायला रेशन दुकानातल्या काट्यासारखी कडक झाली. एवढं करून पाय टेकलेच नाहीत. मग विक्कीनं मागचा शॉकअप खाली घेतला. आता साधनाच्या पायांचे अंगठे जमिनीला लागले. नुसते अंगठे, पण दोन्ही. त्या आनंदात ती गाडी स्वतः चालवत घरी आली, दिमाखात स्टँड लावला, उतरली आणि कुलूप उघडायला वळली. तेवढ्यात गाडी विचार केल्यासारखी क्षणभर थांबली आणि उजवीकडे कलंडून बापूजींच्या खाटेवर जाऊन पडली.

खाटेवर बापूजी नव्हते. ते पाच मिनिटांपूर्वीच चहाला आत गेले होते, आणि हे त्यांनी पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. खाटेवर होत्या त्यांच्या बायकोनं, नलूकाकूंनी, वाळत घातलेल्या मुगवड्या. काकू बाहेर आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, वड्यांकडे पाहिलं. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "आमटीत टाकाच्या आधी कुटाच लागतात." काकू फार कमी बोलायच्या, पण त्यांचं बोलणं नेहमी कामाचं असे.

"म्याडम, गाडी खाली आली," विक्कीनं निदान केलं, "पण स्टँड तेवढाच राह्यला. म्हणजे स्टँड लांब झाला."

"लांब कसा झाला? तू तं त्याले हात बी नाई लावला."

इथं प्रफुल्लला आपली गरज आहे असं वाटलं. त्यानं वहीच्या मागच्या पानावर एक त्रिकोण काढला, कोन मोजले, स्टँड नेमका किती कापायचा त्याचा आकडा काढला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. विक्कीनं ते पान मोठ्या आदरानं पाहिलं, घडी करून खिशात ठेवलं आणि डोळ्याच्या मापानं इंचभर जास्त कापलं. आता गाडी डावीकडे पडायला लागली. मग विक्कीनं नांगराच्या जुन्या फाळाचा तुकडा गोल कापून स्टँडच्या टोकाला वेल्ड केला. गाडी उभी राहिली. फक्त ती उभी असताना स्टँडला हत्तीचा पाय लावल्यासारखं दिसायचं.

मागची बाजू खाली आल्यामुळे हेडलाइट वर झाला होता, हे दिवेलागणीला कळलं. दिवा लावला की गल्लीतल्या कडुलिंबाचा शेंडा लख्ख उजळायचा आणि रस्ता जिथल्या तिथे अंधारात राहायचा. तो सरळ करून घेईपर्यंत झाडावरच्या बगळ्यांनी दोनदा घरं बदलली.

आणि चढायला अजून ओटा लागायचाच. साधना गाडी कायम ओट्याशी लावायची, ओट्यावर चढायची, तिथून गाडीवर. समोरच्या घरातल्या दोघी तिघी रोज सकाळी नेमक्या त्याच वेळी झाडायला बाहेर यायच्या. "साधना, शिडी घेऊन दे म्हणावं सरायले," एक म्हणायची. साधना गाडीवर बसायची. ती हेल्मेटची काच खाली करायची. आतून ती काय म्हणायची ते काचेला ठाऊक.

तिला लागत होतं ते वेगळंच. ही गाडी जर प्रफुल्लनं घेतली असती, तर सगळ्यांनी येऊन ॲव्हरेज विचारलं असतं. तिला आतापर्यंत एकानंही ॲव्हरेज विचारलं नव्हतं. तिला सगळे विचारत होते, काहून घेतली.

मग लायसन्सचं निघालं. साधनाकडे लायसन्स होतं, पण बिनगियरच्या गाडीचं. गियरच्या गाडीसाठी नवीन परीक्षा. परिवहनवाल्यांचा कॅम्प महिन्यातून एकदा लागायचा, तिथं आठाचा आकडा काढून दाखवायचा, पाय न टेकवता. पाय न टेकवण्याची साधनाला इतकी सवय झाली होती की परीक्षेची ही अट तिला मेहेरबानीच वाटली. आजूबाजूला अठरा-वीस वर्षांची पोरं आठातून बाहेर पडत होती, कोणी चुन्याची रेघ पुसत होतं. साधनानं तिच्या उंच गाडीवरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असा सुबक आठ काढला आणि ती निरीक्षकासमोर येऊन थांबली. प्रफुल्लनं धावत येऊन कॅरिअर धरलं.

निरीक्षक तरुण होता, नम्र होता आणि नियमांच्या बाबतीत अगदी निर्मळ होता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"आठ छान काढला मॅडम. पण साडीगार्ड कुठे आहे?"

राजूरच्या सुपरवायझरनं मागच्या चाकावरची ती जाळी कधीच काढून टाकली होती.

"साहेब, मी गाडीवर साडी नेसत नाही," साधना म्हणाली.

"तुमच्यासाठी नाही मॅडम. मागे बसणाऱ्या व्यक्तीसाठी."

"मागं हे बसतात."

निरीक्षकानं प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्लनं शर्ट खोचलेला होता, खिशाला पेन होतं, हातात शाळेची बॅग होती. तो उगाचच थोडा ताठ उभा राहिला.

"साडी कोणी नेसायची, हे नियमात लिहिलेलं नाही," निरीक्षक म्हणाला. "जाळी असली पाहिजे, एवढंच लिहिलंय."

लायसन्सवर गियरचा शिक्का बसला, पण साडीगार्ड बसवून गाडी दाखवायला परत यायचं ठरलं. त्या मॉडेलचं साडीगार्ड कुठंच मिळेना. शेवटी विक्कीनं एका जुन्या कूलरची जाळी कापून बसवली. प्रफुल्ल आता अधिकृतपणे सुरक्षित झाला. शाळेतली पोरं मात्र त्याला विचारायला लागली, "सर, कूलर चालू होते का?" प्रफुल्लनं तेही सोसलं. तो रोज सकाळी साधनाच्या मागे बसून शाळेच्या फाटकाशी उतरायचा, हेल्मेट काढायचा आणि सगळ्यांच्या देखत तिला म्हणायचा, "सावकाश जा." या बाबतीत नवरा म्हणून त्याचा आवाज एकदाही खाली गेला नाही.

हे सगळं होईपर्यंत पंचनाम्यांचे दिवस आले.

बोंडअळीची गंमत अशी, आणि गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, की ती बाहेरून दिसत नाही. झाड हिरवं असतं, बोंड भरलेलं असतं, रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटतं यंदा सोनं पिकलं. बोंड फोडलं की आत सडका, पिवळा गच्च गोळा आणि त्यात बसलेली ती गुलाबी अळी. म्हणून दर वावरातून वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची आणि त्यातली किती किडली ते लिहायचं. ठरलेल्या प्रमाणाच्या वर नुकसान भरलं तर ते वावर नुकसानभरपाईच्या यादीत, नाही तर बाहेर. यादीत सही तलाठ्याची आणि कृषी सहायकाची.

साधनाच्या वाट्याला शेवटी उरला जांभूळधरा तांडा, नाल्याच्या पलीकडचा. नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला होता. वरच्या तलावातून गव्हासाठी पाणी सोडलेलं, त्यामुळे मार्गशीर्षातही नाल्यात गुडघ्याएवढं पाणी. पायी जायला हरकत नव्हती, तांड्यातली माणसं रोज जातच होती. पण वावरं बेचाळीस, तीन टेकड्यांवर पसरलेली, आणि हातात दोन दिवस.

नाल्याच्या अलीकडे तलाठी कपिल आधीच येऊन बसला होता. कपिल तिशीतला, इस्त्रीच्या शर्टाचा. त्यानं साधनाला फोनच दाखवला. साधनाच्या मंडळाच्या साहेबांचा, म्हणजे मंडळ कृषी अधिकाऱ्यांचा, निरोप होता. त्या मंडळाचं नाव इथं सांगत नाही, कारण साहेब अजून नोकरीत आहेत. निरोप असा, की रस्ता नसल्यामुळे तांड्याची पाहणी नजर अंदाजानं करावी.

"ताई, इथून सगळं दिसते," कपिल म्हणाला. "पाहा ना. हिरवंगार हाय. समाधानकारक लिहू अन् जेवाच्या आत घरी."

साधनानं पाहिलं. टेकड्यांवर कपाशी खरोखरच हिरवीगार होती. पलीकडच्या काठावर बिजलीबाई उभी होती, साठीच्या पुढची, हातभर बलोयांच्या बांगड्या घातलेली, तांड्यातल्या सगळ्यात वरच्या वावराची मालकीण. तिनं ओच्यातून एक बोंड काढलं, दोन्ही अंगठ्यांनी फोडलं आणि नुसतं उंच धरलं. एवढ्या लांबून आतलं काहीच दिसत नव्हतं.

"इथून दिसत नाई, कपिल," साधना म्हणाली आणि तिनं हेल्मेटची काच खाली केली.

पुढं जे घडलं ते साधना स्वतः फार थोडक्यात सांगते. गाडी पाण्यात शिरली, छान शिरली, निम्म्यापर्यंत अगदी ऐटीत गेली. मग पुढच्या चाकाखाली एक गोल गोटा आला. अशा वेळी माणूस पाय टेकवतो. साधनानंही टेकवला. पण विक्कीनं गाडी खाली आणली होती ती सपाट रस्त्यासाठी. नाल्याचा तळ त्या बाजूला आणखी हातभर खाली होता. पाय खाली जातच राहिला, त्यामागून साधना गेली, आणि साधनामागून गाडी.

ती उठून उभी राहिली तेव्हा पाणी हेल्मेटमधून गळत होतं. अलीकडच्या काठावर कपिलनं फोन उंच धरलेला होता. त्याला मदतीला यायचं नव्हतं असं नाही, पण फोटो आधी काढावा असं त्याला वाटलं. पलीकडून मात्र बिजलीबाई लुगडं खोचून सरळ पाण्यात उतरली, तिच्यामागे तिचा मुलगा बाबूसिंग. तिघांनी गाडी उभी केली.

"लागलं का, याडी?" बिजलीबाईनं विचारलं. गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, याडी म्हणजे आई. साधनाहून वीस वर्षांनी मोठ्या बाईनं तिला आई म्हणावं, एवढी त्या क्षणी तिची अवस्था दयनीय असली पाहिजे.

"लागलं नाई," साधना म्हणाली. "वरचं वावर तुमचंच ना? तिथूनच सुरू करू."

गाडी चार लाथांत सुरू झाली. इथं तिच्या निंदकांनी नोंद घ्यावी, की ज्या गाडीला गल्लीत उभं राहता येत नव्हतं ती त्या टेकड्यांवर हरणासारखी चढली. बांध, खड्डे, तुराट्यांचे खुंट, मुरूम, सगळ्यावरून. चढायला उंचवटा म्हणून प्रत्येक वावराला धुरा होताच. ओल्या कपड्यांनी साधना दिवसभर बोंडं फोडत राहिली. विसातली चौदा. विसातली सोळा. एका वावरात वीसच्या वीस. बाबूसिंग पुढे चालायचा, वाट दाखवायचा आणि आकडा ऐकून पुढच्या वावराकडे वळायचा. एकदाच म्हणाला, "लोक रोडवरून पाह्यतात अन् म्हणतात, तुमची तं मजा हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बेचाळीस वावरं झाली. राहिली तलाठ्याची सही. कपिल अलीकडच्याच काठावर होता. दोन दिवस तो तिथंच येऊन बसत होता, कारण नोंदवहीत त्याचं स्थळ तांडा असं लिहिलेलं होतं.

"मी गाडीवर नाई बसत, ताई," तो म्हणाला. "मी तं पाह्यलं काय झालं ते."

"नुसतं पाह्यलं नाई. ग्रुपवर टाकलं."

कपिलनं फोन खिशात घातला. साधनाचा नाल्यात उभा असलेला, हेल्मेटमधून कारंजं उडणारा फोटो आदल्या दिवशीच खात्याच्या ग्रुपवर पोचला होता. खाली सदतीस हसरी तोंडं, त्यात दोन नागपूरची.

"फोटो टाकला ना," साधना म्हणाली, "आता सही बी टाक. पायी ये, माझी काही हरकत नाई."

कपिलनं बूट हातात घेतले, इस्त्रीची पँट मांडीपर्यंत दुमडली आणि नाला ओलांडला. वरच्या वावरात जाऊन स्वतः वीस बोंडं फोडली. सतरा किडकी निघाली. त्यानं गुपचूप सगळ्या कागदांवर सह्या केल्या आणि अलीकडच्या काठावर परतल्यावर एवढंच म्हणाला, "इथून खरंच दिसत नाई ताई."

घरी आली तर ओट्यावर बापूजी वाट पाहत होते. फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता. साधना थकलेली होती आणि आता बैलाची गोष्ट ऐकायची तिची तयारी नव्हती. पण बापूजींचा प्रश्न वेगळाच निघाला.

"पाण्यात शिरताना गियर कोणता होता?"

"दुसरा."

"तिथंच चुकलं. पहिला पाहिजे. अन् पाण्यात रेस सोडाची नाई, काही झालं तरी." मग ते म्हणाले, "ॲव्हरेज काय देते?"

साधनानं सांगितलं. बापूजींनी मान हलवली. "वाईट नाई."

तिसऱ्या दिवशी कार्यालयात नोटीस हातात पडली. मूळ स्वरूपात बदल केलेले वाहन आपण शासकीय कामकाजादरम्यान नाल्यात नेले, त्याची छायाचित्रे प्रसृत होऊन खात्याची प्रतिमा मलिन झाल्याचे निदर्शनास आले आहे, तरी तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे समजण्यात येईल.

साधनाचं म्हणणं होतं, आणि ते बरंच होतं. रात्रीच्या जेवणाआधी तिनं प्रफुल्लला त्यातलं निम्मं ऐकवलं. प्रफुल्लनं खुलाशाचा एक मसुदा काढला, त्यात 'दिलगीर' हा शब्द दोनदा आला होता. साधनानं तो मसुदा वाचला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपला लिहिला. 'नाल्यात प्रतिमा पडली नाही, मी पडले. पाणी गुडघाभर होते. वाहनातील बदल माझ्या उंचीमुळे केले असून उंची मूळ स्वरूपातच आहे. तांड्यातील बेचाळीस वावरांची प्रत्यक्ष पाहणी केली आहे. सोबत जोडपत्र अ, बोंडे, एक पिशवी.'

"साधना, हे असं लिहितात का?" प्रफुल्ल म्हणाला.

"नाई लिहीत. म्हणून तं नोटिसा येतात."

साहेबांनी खुलासा वाचला. मग पिशवीकडे पाहिलं. साहेब पुण्याकडचे, पन्नाशीचे, टेबल स्वच्छ ठेवणारे.

"ही पीक परिस्थिती मी वर समाधानकारक म्हणून कळवलीय, मुनेश्वर मॅडम. परवाच, फोनवर."

"हो सर. फोनवरून तशीच दिसते."

"तुमचा आकडा एक, माझा एक. आता मला स्वतः फेरतपासणी करावी लागेल, कळतंय तुम्हाला?"

"एक बोंड फोडून तर पाहा, सर."

साहेबांनी एक निवडलं, चांगलं टपोरं, हिरवं. अंगठ्यानं दाबलं. ते फुटलं आणि त्यातून जी बाहेर आली ती टेबलाच्या काचेवरून, नोटिशीच्या कार्यालयीन प्रतीवरून, जावक क्रमांकावरून निवांत चालत गेली. साहेब खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. नोकरीतल्या सव्वीस वर्षांत त्यांनी या अळीवर चार परिपत्रकं काढली होती. समोरासमोर भेट बहुधा पहिलीच असावी.

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप नाल्याशी येऊन थांबली. जीपचा ड्रायव्हर उतरला, पाण्यात काठी घालून पाहिली आणि नाही म्हणून मान हलवली. साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पलीकडच्या टेकड्यांकडे. कपिलनं बूट काढून हातात घेतले होते आणि तो आधीच पलीकडे निघाला होता. साधनानं गाडी धुऱ्याला लावली, धुऱ्यावर चढली, गाडीवर बसली.

"बसा, सर," ती म्हणाली. "पाय वर घ्या अन् मध्येच हालू नका."

साहेब बसले. पहिल्या गियरमध्ये, रेस न सोडता, गाडी नाला ओलांडून गेली. साहेबांचे दोन्ही पाय उभे आडवे कुठं होते ते त्यांनाही नंतर सांगता आलं नसतं. पलीकडे बिजलीबाईनं त्यांना पाणी दिलं आणि वरच्या वावरात नेलं. साहेबांनी सात वावरं निवडली, आपल्या मनानं, कोणाला न विचारता. प्रत्येकात वीस बोंडं स्वतः फोडली. तिसऱ्या वावरानंतर त्यांनी वहीकडे पाहायचं सोडलं. सातव्या वावरात ते धुऱ्यावर बसले, बराच वेळ त्या हिरव्यागार टेकड्यांकडे पाहत राहिले, मग कागद मागवले आणि बेचाळीसच्या बेचाळीस वावरांच्या पंचनाम्यांवर सह्या केल्या. तांडा यादीत गेला. सही करताना त्यांचं पेन दोनदा अडकलं, कारण बोटं चिकट झाली होती.

"वर फोन मी करतो," ते बाबूसिंगला म्हणाले. "आधी केलेला चुकीचा होता, हे सांगतो."

परत निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. साहेब न सांगता मागे बसले, पाय स्वतःहून वर घेतले. गाडी पाण्यात शिरली. नाल्याच्या बरोबर मध्यावर एक चपटा मोठा दगड पाण्याबाहेर डोकं काढून होता. साधनानं त्याच्या शेजारी गाडी आणली, डावा पाय त्या दगडावर टेकवला आणि ती थांबली. इंजिन चालू होतं. पाणी दोन्ही बाजूंनी खळखळत होतं.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"काही नाही सर. तो खुलासा दिला होता ना मी. त्याचं पुढं काय झालं, काही कळलं नाही."

साहेबांनी उजवीकडे पाहिलं. पाणी होतं. डावीकडे पाहिलं, तिकडेही तेच. एका काठावर बिजलीबाई आणि निम्मा तांडा उभा होता. दुसऱ्या काठावर कपिल एव्हाना पोचला होता, पँट मांडीपर्यंत दुमडलेली, आणि त्याचा हात खिशातल्या फोनकडे जात होता.

"कसला खुलासा?" साहेबांनी विचारलं.

"नोटिशीचा, सर."

गाडी अगदी किंचित, बोटभर, हलली.

"कोणती नोटीस, मॅडम?" साहेब म्हणाले.

साधनानं दगडावरचा पाय उचलला आणि पहिला गियर टाकला.